कशेळ्याच्या अलीकडचा तुकडा

हिसका अगदी बारीक होता. पट्टा छातीवर आवळला आणि सुटला, मांडीवरचा लॅपटॉप थोडा पुढं सरकला, एवढंच. सुरभीनं तो सावरला आणि समोर पाहिलं. रस्ता मोकळा होता. कुत्रं नाही, गुरं नाहीत, वळण नाही, खड्डा नाही. कर्जत बरंच मागं राहिलं होतं, कशेळं अजून यायचं होतं. दोन्ही अंगांना भात पिवळं पडायला लागलं होतं आणि ऑक्टोबरचं ऊन डांबरावर सांडलेल्या तेलासारखं चकाकत होतं. "ब्रेक का मारलात?" तिनं विचारलं. प्रवीण कर्जतचाच, पन्नाशीला आलेला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेला माणूस. त्यानं आरशातून तिच्याकडं पाहिलं. "मी? मी नाय मारला बिरेक, मॅडम." "मग हिसका कसा बसला?" "कसला हिसका?" त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. उलट आपलं काही चुकलं की काय, अशी काळजी होती. सुरभी पुन्हा लॅपटॉपकडं वळली. पण खांद्यापाशी पट्टा जिथं रुतला होता तिथली कातडी उगाचच गरम वाटत राहिली, कुणीतरी बोट ठेवून काढून घेतल्यासारखी.

रस्ता म्हातारा कसा होतो, याचं गणित मांडणं हे तिचं काम होतं. बेलापूरच्या एका सल्लागार कंपनीत ती हेच करत होती. गाडीच्या बंपरखाली लेझर बसवलेले असत, गाडी एकाच वेगानं न्यायची असे, आणि रस्त्याचा उंचसखलपणा आकडे होऊन पडद्यावर उतरत जाई. मग थर कधी टाकला, किती जाडीचा, वरून किती अवजड वाहनं जातात, पाऊस किती पडतो, हे सगळं घालून ती सांगायची की हा तुकडा इतकी वर्षं टिकेल, तो तितकी. तिचं मॉडेल चांगलं होतं. रस्ता एकदम मरत नाही, हे तिनं इतक्यांदा लोकांना सांगितलं होतं की ते वाक्य तोंडात गुळगुळीत झालं होतं. कितीतरी वर्षं काही दिसतच नाही. मग केसासारखी एक भेग. भेगेतून पाणी. मग मगरीच्या पाठीसारखी जाळी, आणि मग खड्डा. लोकांना खड्डा म्हणजे सुरुवात वाटते. तो शेवट असतो. पुढं पुढं तिला माणसंही तशीच दिसायला लागली होती. लग्नाच्या पंगतीत समोर बसलेल्या जोडप्याकडं बघून ती मनात म्हणे, अजून पाच पावसाळे. आपल्या स्वतःच्या संसाराबद्दल मात्र ती निर्धास्त होती. नेरळच्या नव्या वसाहतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, कशेळ्याच्या शाळेत गणित शिकवणारा, कमी बोलणारा किरण, सकाळी दोघांचे दोन डबे. मॉडेलमधल्या झिजेच्या वक्राचा सपाट भाग. केसाएवढीही भेग नाही.

संध्याकाळी ऑफिसात आकडे उघडल्यावर हिसका सापडला. हिसका बसावा असा खड्डा लेझरला तिथं दिसला नव्हता, पण वेगाच्या रकान्यात गाडी एका ठिकाणी एकदम मंदावली होती आणि लगेच सावरली होती. म्हणजे प्रवीणनं ब्रेक मारला होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. एवढ्यावर ती थांबलीही असती. पण तिनं सहज मागच्या वर्षीचं सर्वेक्षण उघडलं. ड्रायव्हर वेगळा होता, गाडी वेगळी होती, आणि वेग त्याच ठिकाणी पडला होता. त्याच्या आधल्या वर्षी तसंच. आणि हाच तो तुकडा होता, जो तिच्या मॉडेलला कधीपासून सतावत होता. दोन्हीकडचे शेजारी तुकडे तिनं सांगितलं तसे निमूट म्हातारे होत होते, हा मात्र पोटात काही रोग असल्यासारखा झरझर पुढं निघाला होता. "बेस गेलाय," तिचा वरिष्ठ विपुल म्हणाला. तो नेहमी उभ्या उभ्या बोलायचा. "खालची खडी बसली असणार. मुळापासून खोदायला टाक, दिवाळीनंतर लावतील मशीन." "बेस नाही गेला. मागच्याच महिन्यात भोक पाडून कोअर काढलाय आपण, खाली सगळं घट्ट आहे. जे काही आहे ते वर आहे. लाटा आल्यात डांबराला, ब्रेकनं येतात तशा." "ब्रेक कशाला मारतील तिथं? शाळा आहे? नाका आहे?" "नाही." "मग?" तिनं वेगाच्या रकान्यावर बोट ठेवलं, विपुलनं तिकडं पाहिलं नाही. "आकडा मर्यादेच्या वर गेलाय ना? तुझ्याच मॉडेलचा आकडा आहे. टाक खोदायला."

ती पुन्हा गेली, या वेळी एकटी, स्वतःची गाडी घेऊन. ब्रेकवरून पाय पूर्ण काढून घ्यायचा आणि सावकाश, एका लयीत तो तुकडा ओलांडायचा, असं तिनं ठरवलं होतं. ओलांडला. काही झालं नाही. पुढं जाऊन मोबाइलवरची वेगाची नोंद बघितली तर तिथंही तीच घळ पडलेली. तिनं आपल्या उजव्या पायाकडं पाहिलं. चप्पल, अंगठ्याजवळचा तीळ, धुळीची पुसट रेघ. आपलाच पाय आणि आपल्याला न विचारता तो काहीतरी करून आला होता. शहाण्या कुत्र्यानं फाटकापाशी जाऊन कुणाला तरी ओळख द्यावी आणि परत पायाशी येऊन बसावं, तसा. तिला थंडी वाजली. बाहेर माणसाला भोवळ यावी असं ऊन होतं.

मग तिनं रस्त्याकडेच्या निवडुंगाच्या कुंपणाला कॅमेरा बांधला आणि बांधावर छत्री उघडून बसली. डांबरावरच्या लाटा इथून नीट दिसत. ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा, फक्त काळ्या. गाड्या येत होत्या. दुधाचा टेंपो आला आणि त्याचे मागचे लाल दिवे क्षणभर पेटले. एसटी आली, दिवे पेटले. खडीचा डंपर, फार्महाउसवर निघालेली पुण्याची मोठी गाडी, काकड्यांच्या पाट्या टपावर लादलेली जीप. ज्यांनी हा रस्ता जन्मात पहिल्यांदा पाहिला असेल आणि ज्यांचा जन्म या रस्त्यावर गेला असेल, सगळ्यांचे दिवे त्याच ठिकाणी लागत आणि विझत. कुणी मान वळवून बघत नव्हतं, कुणी काच खाली करत नव्हतं. दिवे लागत, विझत, गाडी आपल्या वाटेनं जाई. देवळावरून जाताना माणसाचा हात छातीकडं जातो आणि तोंडातलं बोलणं तुटत नाही, तसं. पण इथं देऊळ नव्हतं. इथं काहीच नव्हतं. कॅमेरा चालू ठेवून ती दुपारी कशेळ्याच्या नाक्यावर चहाला गेली आणि तिथं थांबलेल्या ड्रायव्हरांना तिनं विचारून पाहिलं. दुधाच्या टेंपोवाला हसला. "बिरेक? नाय बा." एसटीचा ड्रायव्हर थोडा विचारात पडला. "पाय जातो खरा. कोनतरी आडवं येतंय असं वाटतं." "कोण?" "कोन नाय. नुसतं वाटतं." पुण्याच्या गाडीतली बाई म्हणाली, "मीच ओरडले ह्यांना. मागं मुलगा झोपलाय ना, तो सीटवरून पडतोय असं वाटलं मला एकदम."

संध्याकाळचं चित्रण तिनं घरी बसून पाहिलं. शाळा सुटल्यानंतरची वेळ, सावल्या लांब झालेल्या. जीप, दिवे. रिक्षा, दिवे. मग एक मोटरसायकल चौकटीत शिरली, सरळ एका वेगानं त्या लाटांवरून गेली आणि चौकटीबाहेर पडली. दिवा लागला नाही. तिनं चित्र मागं नेलं. पाठीवरची राखाडी सॅक, खांद्याशी उसवलेला आकाशी शर्ट. तो शर्ट तिनं काल इस्त्री केला होता. नवऱ्याला पाठमोरा, त्याला ठाऊक नसताना, अशा परक्या डोळ्यानं बघण्यात काहीतरी चोरटं होतं. ती पुन्हापुन्हा बघत राहिली. दुसऱ्या दिवशीच्या चित्रणातही तेच. सगळं जग जिथं दचकत होतं, तिथून किरण सुतात ओढल्यासारखा निघून जात होता. आतल्या खोलीत तो खुर्चीवर बसून पेपर तपासत होता. लाल पेनाचा कागदावर घासल्याचा आवाज येत होता. ती दारात जाऊन उभी राहिली. "काय गं?" तो मान वर न करता म्हणाला. "काही नाही," ती म्हणाली.

याला काही होतच नाही, असं तिच्या मनात आलं. आणि हे आज पहिल्यांदा आलेलं नाही, हेही तिला उमगलं. ते फार खालून आलं होतं. नऊ-दहा वर्षांपूर्वी कर्जतच्या त्या दवाखान्यात छताचा पंखा मंद फिरत होता, नर्स दोन हातांत काहीतरी गुंडाळून लगबगीनं बाहेर गेली होती, रडण्याचा आवाज यायला हवा होता आणि तो येत नव्हता. "मुलगी होती," एवढं कुणीतरी म्हणालं. आईनं तिचं तोंड भिंतीकडं वळवलं. "बघू नको, बाय. बघितलंस तर जल्मभर डोळ्यासमोर राहील." तिनं बघितलं नाही. किरण आला, तिच्या कपाळावर हात ठेवला, "मी बघतो सगळं," म्हणाला आणि गेला. त्यानं काय बघितलं, कुठं बघितलं, हे तिनं विचारलं नाही. तिला माहेरी नेलं, खालापूरच्या पलीकडच्या गावात. तिथं रात्रंदिवस द्रुतगती मार्गाची घरघर ऐकू येई आणि जुन्या रस्त्यावर घाट चढणारे ट्रक एकेक गिअर खाली टाकत. तिसऱ्या दिवशी दूध आलं. कुणी बोलावलं नसताना आलं. आईनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून छाती आवळून बांधली, आणि सुरभी उताणी पडून, डोळे मिटून, ट्रकचे आवाज ऐकत राहिली. किती टनाचा असेल, किती चाकांचा असेल, खालची डांबराची पापडी किती दबत असेल. भिवाजी, तिचे वडील, खोपोलीच्या कारखान्यातून पाळी संपवून येत आणि उंबऱ्यात बसून राहत. त्यांनाही काही विचारता आलं नाही. किरण तर दुसऱ्याच दिवशी शाळेत हजर झाला होता. हे तिला नंतर कळलं. तिनं त्याबद्दल कधी त्याला बोल लावला नाही. पण त्याच वर्षी तिनं मॉडेलचं काम अंगावर घेतलं, आणि रस्ते कसे मरतात यात ती इतकी बुडून गेली की घरात कुणीच त्या विषयाला हात लावला नाही. तो विषय मग सपाट झाला. वर नवा थर आला.

दुसऱ्या दिवशी ती नाक्यावर गेली. लडकूची जीप तिथं उभी होती. लडकू कशेळ्याकडच्याच एका गावचा, पिकल्या मिशांचा, भात आणि जीप दोन्हीवर जगणारा. किरणची मोटरसायकल बिघडली की लडकूच्याच जीपनं तो यायचा, म्हणून लडकू तिला वैनी म्हणायचा. तिनं त्यालाही तेच विचारलं. "मारतो की बिरेक," तो सरळ म्हणाला. "त्या जाग्याव समदीच मारत्यात." "का?" लडकूनं तंबाखू मळता मळता हात थांबवला. "आता का म्हनून काय सांगू." "किरण मारत नाही," ती म्हणाली. "मी बघितलंय. सगळे मारतात आणि तो एकटा मारत नाही." लडकूनं हातातली तंबाखू तोंडात टाकली नाही, खाली झटकून दिली. नाक्यावर माणसं जीपमध्ये कोंबून बसली होती, कुणीतरी "चला रं" म्हणून ओरडत होतं. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "वैनी, त्ये तुमी सरांनाच इचारा. मी नाय सांगायचा. सरांनी मना शपथ घातलीय." "कसली शपथ?" पण तो जीपमध्ये चढला होता. जीप निघताना त्याचा चेहरा आरशात दिसला. तो घाबरलेला नव्हता. त्याला वाईट वाटत होतं, आणि तेच तिला सहन झालं नाही.

रविवारी सकाळी दोघं बाल्कनीत वाल सोलत बसली होती. मोड आलेले, भिजून फुगलेले कडवे वाल. दोन बोटांत दाबले की साल सुटून डाळिंबी टपकन पातेल्यात पडायची. समोर माथेरानचा डोंगर धुरकट दिसत होता, खाली वसाहतीतली मुलं सायकली फिरवत होती. सुरभीनं आपलं बोलणं चार दिवस घासून तयार ठेवलं होतं, पण तोंडून निघालं ते वेगळंच. "लडकूला कसली शपथ घातलीस?" किरणचे हात थांबले नाहीत. एक वाल, दुसरा वाल, तिसरा. "लडकू बोलला?" "नाही बोलला. म्हणूनच विचारतेय." त्यानं हातातली डाळिंबी पातेल्यात टाकली आणि बोटं टॉवेलला पुसली. फार वेळ पुसत राहिला. "त्याच्या जीपनं नेलं होतं तिला," तो म्हणाला. "दवाखान्यातून. मला एकट्याला सुचत नव्हतं काही. कर्जतला नको वाटलं. येता जाता डोळ्यापुढं राहील अशी जागा पाहिजे होती. शाळेच्या वाटेवर एक आसाण्याचं झाड होतं, रस्त्यापासून आत, ओहोळाच्या अलीकडं. लडकूनं खणलं. मी ठेवलं." खाली एका सायकलची घंटा वाजत राहिली. "मग रुंदीकरण आलं. एका सोमवारी मी गेलो तर झाड नव्हतं. खडी पसरली होती, वरून रोलर फिरत होता. मी खाली उतरलो. उतरून काय सांगणार होतो त्यांना?"

ते रुंदीकरण सुरभीला ठाऊक होतं. त्या थराची तारीख, जाडी, खडीचा प्रकार सगळं तिच्या मॉडेलमध्ये होतं. थराचं वय ती दरवर्षी एकानं वाढवत होती. तिला वाटलं आपण ओरडू, पण आवाज निघाला तो साधाच होता. "मला सांगितलं नाहीस." "तू विचारलं नाहीस." "मी विचारायला पाहिजे होतं?" "नाही," तो म्हणाला. "मीच सांगायला पाहिजे होतं. रोज वाटायचं, आज सांगू. मग घरी आलो की तू लॅपटॉपपाशी बसलेली असायचीस, आणि मला वाटायचं, बरी आहे ही, कशाला उकरायचं." तो वालाच्या सालांचा ढीग बोटानं उगाच सारखा करत होता. सुरभीला आता जे विचारायचं होतं ते विचारायची भीती वाटत होती, कारण त्याचं उत्तर काय येणार हे तिच्या पायाला आधीच माहीत होतं. "सगळे तिथं ब्रेक मारतात, किरण. तू का मारत नाहीस?"

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांभोवती बारीक सुरकुत्यांची जाळी पडली होती. ती तिनं कधी पाहिलीच नव्हती. "बाकीच्यांच्या ती एकदम समोर येते," तो म्हणाला. "दिसत नाही, पण समोर येते. म्हणून ते दचकतात. मला लांबूनच दिसते. मी येतोय हे तिलाही कळतं. ती बाजूला होते. मला वाट देते." बाल्कनीच्या कठड्यावर एक साळुंकी येऊन बसली, पातेल्याकडं बघून उडून गेली. हा वेडा झालाय, असं सुरभीच्या मनात यायला हवं होतं. आलं नाही. तिच्या मनात मत्सर आला, चटका बसावा तसा. इतकी वर्षं, रोज, जाताना आणि येताना. "केवढी झालीय?" तिनं विचारलं. "चौथीत शोभेल एवढी," किरण म्हणाला. तो मास्तर होता, पोरी त्याला इयत्तेवरून कळत. "तुझ्यासारखी सावळी आहे. उभी राहते तीही तुझ्यासारखी, एका पायावर भार टाकून." "तू थांबत का नाहीस मग? एकदा तरी?" "थांबलो तर तिथून निघता येणार नाही, सुरू," तो म्हणाला. तिनं पातेल्यात हात घातला. सोललेल्या डाळिंब्या गार, ओल्या होत्या. त्यात हात तसाच ठेवून ती बसून राहिली.

सोमवारी तिनं विपुलला गाठलं. तो तुकडा खोदू नका, वरचा थर खरवडून नवा टाका, खालचं सगळं शाबूत आहे, असं ती सांगत राहिली. ते खरंही होतं. कोअरचा गोल दगडी नमुना तिनं त्याच्या टेबलावर आणून ठेवला. विपुल दगडाकडं न बघता म्हणाला, "अहवाल गेलाय गं. मंजुरी पण आली. तुझाच आकडा आहे, आता तूच नाही म्हणतेस?" "आकडा बरोबर आहे. कारण चुकीचं आहे." "मग बरोबर कारण दे, मी वर बोलतो." तिनं तो दगड टेबलावरून परत उचलला. विपुल वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्याकडं जरा निरखून बघितलं आणि आवाज खाली आणला. "बरी आहेस ना?" ती बरी आहे म्हणाली. दिवाळी झाली. कंदील अजून लोकांच्या गॅलऱ्यांत लटकत होते, तेव्हा मशीन आलं. प्रवीणनं फोन करून सांगितलं, "मॅडम, कशेळ्याच्या अलीकडं जेसीबी उबा हाय. उद्या सकाळी लागतील कामाला." तिनं किरणला सांगितलं. "तू चल," ती म्हणाली. तो पलंगाच्या कडेला बसला होता. हात दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून, लहान मुलासारखा. "एकदा मी नेऊन ठेवलंय तिला तिथं," तो म्हणाला. "पुन्हा माझ्याच्यानं नाही व्हायचं." तिनं आग्रह केला नाही. गाडीची किल्ली घेतली. दारातून निघताना तिला वाटलं, आपण काहीतरी विसरतोय, एखादी वस्तू बरोबर घ्यायला पाहिजे. पण काय घेतात, ते तिला ठाऊक नव्हतं.

दुपार कलत होती. कापणी सुरू झाली होती आणि वाऱ्याला पेंढ्याचा वास होता. जेसीबी रस्त्याकडेला पंजा जमिनीवर टेकून उभा होता, आसपास कुणी नव्हतं. लाल-पांढऱ्या फितीचं भेंडोळं आणि काही शंकू पडले होते. तिनं सर्वेक्षणाच्या वेळी मांडलेले तिच्या कंपनीचे दोन शंकूही त्यातच होते. ते उचलायला म्हणून ती थांबली, निदान स्वतःला तिनं तसं सांगितलं. लाटांच्या मधोमध उभी राहिली. पायाखाली डांबर उन्हानं मऊ आणि कोमट होतं, एखाद्या जनावराच्या पाठीसारखं. तिला काही दिसलं नाही. ती डोळे ताणून, मग डोळे बारीक करून, मग मिटून बघत राहिली. किरणला दिसतं आणि मला दिसत नाही. मी तेव्हा भिंतीकडं तोंड केलं होतं, म्हणून असेल. एक ट्रक कर्जतकडून आला, तिच्या बाजूनं जाताना मंदावला, ड्रायव्हर तिला बघून काहीतरी बोलला आणि गेला. मग पुन्हा सामसूम. कापलेल्या शेतात कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, नाव ऐकू येत नव्हतं, नुसता लांबवलेला स्वर येत होता. आपण हिला हाक मारायची तर कोणत्या नावानं मारायची, हे तिच्या मनात आलं.

तिनं गाडीचं डावीकडचं मागचं दार उघडलं. शंकू आत ठेवले. मग ते सीटवर नकोत म्हणून पुन्हा बाहेर काढून डिकीत ठेवले. दार उघडंच होतं. तिनं ते लावलं नाही. दाराच्या कडेवर हात ठेवून, रस्त्याकडं पाठ करून ती उभी राहिली. कुणी तयार होत असलं की आपण घाई करत नाही असं दाखवायला माणूस तोंड फिरवून उभं राहतं, तशी. वारा पडला. पेंढ्याचा वास गेला. आणि मग गाडी डाव्या अंगाला खाली बसली. अगदी जरा. दाराच्या कडेवरच्या बोटांना ते कळलं. लेझरनं मोजलं असतं तर सापडलं असतं की नाही, कोण जाणे. सुरभीनं मागं वळून पाहिलं नाही. दार लावता लावता तिच्या तोंडून, साऱ्या जगातल्या आया म्हणतात तसं, आपोआप गेलं, "पाय आत घे गं."

ती निघाली. आरशात जेसीबीचा पिवळा पंजा लहान होत गेला. मागून खडीचा एक डंपर कशेळ्याकडून येत होता. तो त्या लाटांवरून जाईपर्यंत तिनं गाडी हळू ठेवली. डंपर धडधडत, वेग जराही न मोडता तिथून पार झाला आणि भोंगा वाजवत तिच्या पुढं निघून गेला. त्याच्यामागून आलेली जीपही तशीच. सुरभीनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. कर्जतपर्यंत प्रत्येक खड्डा तिनं चुकवला, जो चुकवता आला नाही त्यावर गाडी जवळजवळ उभी केली. मागून कुणीतरी तिला शिव्या दिल्या. आरशात मागची सीट दिसत होती, पण तिनं आरसा वर ढकलला. बघायची घाई नको. इतकी वर्षं घाई केली नाही.

नेरळला पोचेपर्यंत ऊन तांबूस झालं होतं. वसाहतीच्या फाटकातून आत शिरताना तिला किरण दिसला. तो खाली येऊन जिन्यापाशी उभा होता, घरातल्या लेंग्यावर, पायांत दोन वेगळ्या चपला. तिनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि काच खाली घेतली. त्याला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, याची ती जुळवाजुळव करत होती. पण किरण तिच्याकडं बघतच नव्हता. तो तिच्या खिडकीवरून पुढं गेला, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आला आणि काही न विचारता त्यानं मागचं दार उघडलं. मग जरा वाकून, उतरणाऱ्याचं डोकं वर आपटू नये म्हणून, तळहात दाराच्या चौकटीला लावून उभा राहिला.